आपोआप उगवलेली टोमॅटोची रोपे उपटू नयेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाऊस ओसरू लागला की कोल्हापुरातील अनेक घरांच्या परड्यात, मोरीच्या पाण्याच्या वाटेवर आणि घरचे खत घातलेल्या कुंड्यांत टोमॅटोची रोपे न पेरता उगवतात आणि नवरात्राच्या साफसफाईत तण म्हणून उपटली जातात. ती राखावीत, एवढे सांगण्यासाठी हे पत्र.

टोमॅटोच्या बियांभोवतीचा बुळबुळीत थर फळात असेपर्यंत बी रुजू देत नाही. ओल्या कचऱ्यात फळ कुजले की तो थर विरघळून बी मोकळे होते. घरगुती खताच्या डब्यात बी मरण्याइतकी उष्णता बहुधा तयार होत नाही, त्यामुळे ते खत कुंडीत पडताच रोपांचा झुबका वर येतो. पहिल्या दोन लांबट दलांनंतर येणारे कातरलेले, लव असलेले पान बोटांत चुरडले, तर त्याच्या उग्र वासावरून टोमॅटो लगेच ओळखता येतो.

मात्र सगळा झुबका वाढवू नये. एका मोठ्या कुंडीत एकच जोमदार रोप ठेवावे. ते दुसरीकडे लावायचे असल्यास खालची पाने काढून दांडा खोलवर पुरावा, कारण मातीत गेलेल्या दांड्यालाही मुळे फुटतात. पुढे काठीचा आधार आणि किमान पाच-सहा तास ऊन मिळायला हवे. जूनमध्ये उगवलेली रोपे आपल्याकडच्या जुलै-ऑगस्टच्या संततधारेत बहुधा करप्याला बळी पडतात. गणपतीनंतरची रोपे मात्र थंडीत चांगली फळतात. पांढऱ्या माशीमुळे पाने आकसून गुंडाळू लागली, तर असे रोप मोह न धरता काढून टाकावे, नाहीतर रोग शेजारच्या झाडांवर जातो.

मंडईतले बहुतेक टोमॅटो संकरित वाणांचे असल्याने त्यांच्या बियांपासून तसेच फळ येईल, याची खात्री नसते. ते लहान किंवा अधिक आंबट निघू शकते. सारासाठी मला तरी तेच आवडते.

आपल्या दैनिकाच्या शेतीविषयक पानावर उसाबरोबर परसबागेलाही थोडी जागा मिळावी आणि अशा रोपांची ओळख छायाचित्रांसह सप्टेंबरमध्येच छापावी, ही विनंती.

आपली,
एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर