सीझनचा बेस्ट प्लेअर फॅन्सनीच ठरवावा, पण आपल्या तालमीचा सोडून

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

तुमचा पेपर घरात आला की मी आधी क्रीडा पान उघडतो, आणि त्यातही मॅचच्या बातमीच्या शेवटी बारीक अक्षरात सामनावीर कोण आणि लढवय्या कोण ते बघतो, मग वर जाऊन गोल कुणी मारला ते वाचतो. कोल्हापुरात, जिथं तालीम म्हणजे फुटबॉलची टीम, अशी सवय असलेले माझ्यासारखे पुष्कळ आहेत, म्हणून हे पत्र.

विषय असा की यंदा आमच्या पेठेतल्या पोरांनी इन्स्टावर एक पोल काढला, सीझनचा बेस्ट प्लेअर कोण, कमिटी नाही, पाहुणे नाहीत, फक्त सपोर्टर ठरवणार. आयडिया एक नंबर. पण झालं काय की रात्रीत मैदानावर येणाऱ्या पब्लिकपेक्षा जास्त मतं पडली, पुण्यामुंबईला नोकरीला असलेली पोरं, त्यांचे रूममेट, ज्यांनी आयुष्यात शाहू स्टेडियमचं गेट बघितलेलं नाही अशांनी पण दाबून मतं दिली कारण मित्रानं लिंक टाकली, आणि सकाळपर्यंत कमेंटमधे आयमाय निघाल्यावर पोरांनी गुपचूप पोल डिलीट केला. आता कट्ट्यावर मोठी माणसं म्हणतात बघा, आम्ही सांगत होतो, फॅन्सचं हे काम नव्हे, केएसए म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन आहे, स्पर्धेच्या कमिट्या आहेत, ते देतात की बक्षिसं.

मला हे पटत नाही. पोरांची पद्धत चुकली, कल्पना नाही.

कमिटीची बक्षिसं कशी ठरतात ते बघितलेलं आहे सगळ्यांनी. फायनल संपते, गुलाल उडतो, स्टेजवर पाहुण्यांची गर्दी, पोलिसांची घाई, आणि त्या गडबडीत बेस्ट गोलकीपर, बेस्ट डिफेन्स, बेस्ट हाफ, बेस्ट फॉरवर्ड, मालिकावीर अशी नावं पुकारतात. फायनलला आलेल्या दोन टीममधेच बहुतेक सगळी वाटली जातात, आणि मालिकावीर म्हणजे जिंकलेल्या टीमचा गोल मारणारा हे जवळपास ठरलेलंच. कुणी मुद्दाम करतं असं मी म्हणत नाही, फायनलच्या दिवशी डोळ्यासमोर जे असतं तेच आठवतं माणसाला. पण जी टीम क्वार्टरला गेली घरी, तिच्यातल्या पोरानं काय खेळ केला तो कुणाच्या वहीत नसतो.

गेल्या सीझनची एक मॅच सांगतो, तालमींची नावं घेत नाही, उगं परत सुरू होईल. समोरच्या टीमनं एक परदेशी स्ट्रायकर आणला होता, आपल्या पोरांपेक्षा हातभर उंच, अंगानं दांडगा. त्याच्यावर जो डिफेन्स होता तो वीसेक वर्षांचा पोरगा, किडकिडीत. मला वाटलं हा आज चिरडला जाणार. पण त्या पोरानं काय केलं, एकदाही आंधळेपणानं पाय घातला नाही. एक हात अंतर ठेवून नुसता त्याच्यासमोर मागं मागं सरकत राहायचा, तोंड गोलकडं करू द्यायचा नाही, आणि ढकलत ढकलत त्याला कॉर्नरच्या झेंड्याकडं न्यायचा, तिथं तो गडी वैतागून एकतर बॉल बाहेर घालवायचा नाहीतर मागं पास द्यायचा. पूर्ण मॅच हेच. हवेतला बॉल आला की उडीत आपण पुरे पडणार नाही हे त्याला माहीत होतं, म्हणून आधीच अर्धं पाऊल पुढं येऊन उभा राहायचा. स्ट्रायकरनं डी मधून एकच शॉट मारला आख्ख्या मॅचमधे आणि तोही वरनं गेला. शेवटी मॅच टायब्रेकरवर गेली, ह्याच पोराची पेनल्टी कीपरनं अडवली, टीम बाहेर. दुसऱ्या दिवशी बातमीत त्याचं नाव आलं ते एकदाच, पेनल्टी हुकली म्हणून.

आता मुद्दा पुढंच आहे. माझ्या शेजारी समोरच्या तालमीचे सपोर्टर बसले होते, गळ्यात रुमाल, घसा बसलेला. त्यातला एकजण मॅच संपल्यावर उठता उठता म्हणाला, "काय बी म्हणा, ह्यो डिफेन्स आमच्यात पायजे हुता." जिंकलेल्या बाजूचा माणूस हरलेल्या बाजूच्या पोराबद्दल हे म्हणतोय, आणि तेही कोल्हापुरात! माझ्या मते यापेक्षा मोठं सर्टिफिकेट आपल्या फुटबॉलमधे नाही.

तर माझं म्हणणं एवढंच की फॅन्सनी अवॉर्ड जरूर काढावं, पण त्यात स्वतःच्या तालमीच्या प्लेअरला मत द्यायचं नाही. मतपत्रिकेवर एकच प्रश्न, दुसऱ्या कुठल्या तालमीचा कोण प्लेअर आपल्यात पाहिजे होता. बास.

हे माझ्या डोक्यातनं निघालेलं नाही. इंग्लंडमधे खेळाडूंची संघटना आहे, पीएफए, ते 1974 पासून खेळाडूंच्या मतानं बेस्ट प्लेअर निवडतात आणि तिथं आपल्याच क्लबच्या साथीदाराला मत देता येत नाही. पहिल्याच वर्षी निवडला कोण तर लीड्सचा नॉर्मन हंटर, डिफेन्सवाला, असा कडक की पब्लिकनं त्याचं नावच पायाचे लचके तोडणारा असं पाडलं होतं. ज्यांची नडगी त्यानं सोलली त्यांनीच त्याला मतं दिली. याउलट पत्रकारांचं बघा, तिथल्या पत्रकारांनी 1948 मधे अवॉर्ड सुरू केलं ते विंगर स्टॅनली मॅथ्यूजला, आणि 1956 मधे फ्रान्समधे बॅलन डी'ओर हे वर्षाच्या बेस्ट प्लेअरचं अवॉर्ड सुरू झालं, तिथंही पत्रकारांचीच मतं, तेही पहिलं मॅथ्यूजलाच, तेव्हा त्याचं वय 41. म्हातारबा खेळत होता भारी, यात वाद नाही. पण आजवर बॅलन डी'ओर मिळालेला गोलकीपर एकच, 1963 चा रशियाचा लेव याशिन, आणि डिफेन्सवाल्याला शेवटचं मिळालं ते 2006 मधे इटलीच्या कॅनव्हारोला. लांबनं बघणाऱ्याला गोल दिसतो, दुसरं काय.

फॅन्सना मात्र रोजचा खेळ दिसतो, कारण ते हरलेल्या मॅचला पण आलेले असतात. मॅन्चेस्टर युनायटेडमधे 1988 पासून सपोर्टरच्या मतांनी वर्षाचा प्लेअर ठरतो. 2016-17 ला त्यांच्याकडं झ्लाटान इब्राहिमोविच होता, एका सीझनमधे 28 गोल मारलेला, पोस्टरवर तोच, बातम्यांत तोच. सपोर्टरनी निवडला आन्देर हेरेराला, मिडफिल्डला बॉल हिसकावत पळणारा गडी. लिव्हरपूलचं अजून भारी. लुकास लेइवा नावाचा ब्राझीलचा हाफ, सुरुवातीची वर्षं घरच्याच मैदानावर त्याला पब्लिक वैतागून ओरडायचं, आणि 2010-11 ला त्याच पब्लिकनं त्याला सीझनचा बेस्ट प्लेअर केला. कमिटीला असं मत फिरवायला जमलं असतं का, मला शंका आहे. वेस्ट हॅमवाले तर 1950 च्या दशकापासून हॅमर ऑफ द इयर, म्हणजे आपल्या क्लबच्या वर्षाच्या बेस्ट प्लेअरचं अवॉर्ड देतात, तिथं इंग्लंडला वर्ल्डकप जिंकून देणारा कॅप्टन बॉबी मूर चार वेळा आणि ट्रेव्हर ब्रुकिंग पाच वेळा. म्हणजे स्टार लोकांना फॅन्स देतच नाहीत असंही नाही.

आता कट्ट्यावरची माणसं म्हणतील ऑनलाइन मतांचं काय होतं ते फिफाला विचारा. बरोबर आहे. पुस्कास अवॉर्ड, वर्षाचा सगळ्यात भारी गोल, तो बरीच वर्षं पब्लिकच्या ऑनलाइन मतांवर होता. 2018 ला समोर गॅरेथ बेलची चॅम्पियन्स लीग फायनलमधली बायसिकल किक, रोनाल्डोची युव्हेंटसविरुद्धची बायसिकल किक, आणि अवॉर्ड गेलं सलाहच्या एव्हर्टनविरुद्धच्या गोलला. चांगला गोल होता, पण वर्षाचा? सलाहचे चाहते जास्त, विषय संपला. पण ह्याच मतदानानं 2015 चं अवॉर्ड मेस्सीला बाजूला सारून वेंडेल लिरा नावाच्या ब्राझीलच्या छोट्या क्लबातल्या पोराला दिलं (त्यानं नंतर वर्षभरातच बूट टांगले आणि व्हिडिओ गेम खेळण्यात करिअर केलं, ते सोडा), आणि 2016 चं मलेशियाच्या फैज सुब्रीला, पेनांग क्लबकडनं मारलेल्या फ्री किकसाठी, हवेत बॉल असा वळला की कीपर बिचारा उलट्या बाजूला. कुठला युरोपचा पत्रकार मलेशियाची लीग बघत बसला होता? तेव्हा फॅन्सच्या मताला नावं ठेवताना दोन्ही बाजू बघा. फिफानं 2016 पासून बेस्ट प्लेअरसाठी कॅप्टन, कोच, पत्रकार आणि फॅन्स असे चार वाटे सारखे केले. आपल्याकडं एआयएफएफ, म्हणजे भारताच्या फुटबॉल फेडरेशनचं अवॉर्ड आहे, सुनील छेत्रीला सात वेळा मिळालंय, तिथं कोचची मतं धरली गेली आहेत. त्यालाही माझा विरोध नाही, कोचला कळतं. पण कोच गॅलरीत बसत नाही.

म्हणून मोबाईलवर नको, मैदानावर करा. सीझनच्या शेवटच्या काही मॅचेसना तिकिटाबरोबर एक चिठ्ठी द्या, बाहेर जाताना पेटीत टाका. चिठ्ठीवर आधी आपली तालीम लिहायची, मग दुसऱ्या तालमीचा प्लेअर. कुणी म्हणेल आमचा सपोर्टर दुसऱ्याच तालमीचं नाव लिहील आणि मत आपल्याच पोराला देईल. लिहू दे की! शिवाजी पेठेतला किंवा मंगळवार पेठेतला गडी स्वतःच्या हातानं आपण दुसऱ्या तालमीचे आहोत असं कागदावर लिहील, असा मला तरी दिसत नाही. आपल्याकडची ईर्षाच इथं कामाला येते. आणि पेटीच्या मतात जे पोलमधे कधीच नसतात ते येतील, वयस्कर माणसं, फोन न वापरणारे, वर गॅलरीत पोरं घेऊन येणाऱ्या बायका, रोज येऊन कोपऱ्यात शेंगा फोडत बसणारी आणि प्रत्येक प्लेअरची कुंडली पाठ असलेली मंडळी.

मोजणी भर मैदानात व्हावी आणि प्रत्येक मोठ्या तालमीचा एकेक माणूस बसवावा. भांडणं होतील, होऊ देत, निदान फुटबॉलवरनं होतील. परदेशी प्लेअरला मत द्यायचं का यावर आमच्यातच एकमत नाही, माझ्या मते द्यावं, इथं घाम गाळला तो इथला. बाहेर खेळायला गेलेल्या पोरांचं मात्र वेगळं ठेवायला लागेल. आपला अनिकेत जाधव 2017 ला अंडर 17 वर्ल्डकप खेळला, सगळ्या पेठांना त्याचा अभिमान आहे, पण अशा नावांना या पेटीत आणलं तर स्थानिक सीझनभर राबलेल्या पोरांना काय उरणार?

बक्षीस गाडी, टीव्ही असलं काही नको. दहा दहा रुपये वर्गणी काढून चांगल्यातले बूट घ्यावेत त्या पोराच्या मापाचे, आणि ते द्यायला आमदार खासदार न बोलावता त्याच्याविरुद्ध सीझनभर खेळलेल्या एखाद्या फॉरवर्डनं द्यावेत.

संपादकसाहेब, तुमच्याकडनं दोनच गोष्टी पाहिजेत. एक, हे पत्र सीझन संपायच्या आत छापा, पावसाळ्यात छापून उपयोग नाही. दोन, मतमोजणी झाली तर सगळ्या तालमींचे आकडे छापा, फक्त पहिल्याचा नको. कुठल्या तालमीच्या सपोर्टरनी कुठल्या तालमीच्या पोराला किती मतं दिली हा तक्ता आला तर तुमचा त्या दिवशीचा पेपर सकाळी आठच्या आत संपेल, हे मी लिहून देतो. कूपन मात्र पेपरात छापू नका, आमच्याकडं गठ्ठेच्या गठ्ठे विकत घेणारी माणसं आहेत आणि त्यातली दोन माझ्याच कट्ट्यावर बसतात.

आपला,
शाहू स्टेडियमवरचा एक जुना प्रेक्षक,
शिवाजी पेठ, कोल्हापूर