ती मलमाची ट्यूब आधी बंद कर

चि. छकुलीस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर कमरेचं सांगताना तू किती अडखळत होतीस! आईपाशी कसली लाज गं? गोल चट्टा, कड लाल नि उचललेली, मधे साफ, घाम आला की खाज सुटते. हा नायटाच दिसतोय. पण 'मैत्रिणीनं ट्यूब दिली, दोन दिवसांत खाज थांबली' म्हणालीस आणि माझ्या पोटात गोळाच आला.

अशा ट्यूबांमध्ये बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. त्यानं लाली जाते, खाज दबते. पण नायटा म्हणजे बुरशी, ती खाली जिवंतच राहते आणि पसरते. ट्यूब थांबवली की दुप्पट जोरानं वर येते. २०१८ साली सरकारनं असली बरीच मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीवरच द्यायची असा नियम केला, तरी कितीतरी दुकानांत मागितली की मिळतात.

हे मला कसं कळलं, ते आज लिहून टाकते. लातूरला रेल्वेनं पाणी आणलं ते २०१६ चं वर्ष. आपल्याकडेही आंघोळीला जेमतेम अर्धी बादली. तुझ्या मांडीवर नायटा उठला. शेजारच्या बाईनं सांगितलं, लिंबू चोळ. मी चोळलं. तू किंचाळलीस, तरी मी म्हटलं, थोडं झोंबणारच. लिंबाच्या आंबटानं कातडी भाजली गं, वरून उन्हात खेळलीस. तिथला काळा डाग अजून पुरता गेलेला नाही. तो दिसला की मला आजही वाईट वाटतं.

म्हणून घरचे उपाय सोडून दे, असं मी म्हणणार नाही. कशाला काय लावायचं, एवढं कळलं पाहिजे. घामोळ्यांना औषधच लागत नाही: गार पाण्यानं अंग धू, सैल सुती कपडे घाल, तेल-पावडर थापू नकोस, घामाची भोकं बुजतात. उन्हानं अंग लालेलाल झालं तर कोरफड. पान कापलं की पंधरा-वीस मिनिटं उभं ठेव, पिवळा चीक निथळून जाऊ दे, त्यानंच खाज येते. मग आतला गर, तोही आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस बघ. हळदीचंही तसंच, ती सगळ्यांनाच मानवते असं नाही.

आणि भेगा! तुझी आजी पहाटे हरभऱ्याच्या रानात जायची. दवात ती आंब असते ना, झाडावरची आंबट, ती पायाला लागून टाचा अशा चिरायच्या की रक्त यायचं. रात्री ती पाय कोमट पाण्यात ठेवायची, पुसायची आणि घरचं मलम भरायची. एका वाटीत एक चमचा मधमाशीचं मेण नि चार चमचे करडईचं तेल. ती वाटी उकळत्या पाण्यात धरायची, मेण विरघळलं की उतरवून ढवळत राहायचं. थिजलं की लोण्यासारखं होतं. वरून जुने मोजे. आठ दिवसांत टाच मऊ पडायची. करडई आपल्या मातीतली, तिच्या तेलानं कातडीचा ओलावा टिकतो.

नायट्याला मात्र यातलं काहीच नाही. उद्याच कातडीच्या डॉक्टरकडे जा, ती ट्यूब सोबत ने, लपवू नकोस. औषध सांगतील तितके आठवडे लाव, चट्टा दिसेनासा झाला तरी. टॉवेल कुणाला देऊ नकोस. घट्ट जीन्स काही दिवस बाजूला ठेव, कपडे उलटे करून कडक उन्हात वाळव. लिंबू, लसूण, टूथपेस्ट, कुणी काहीही सांगू दे, लावायचं नाही.

रविवारी दादा पुण्याला येतोय. त्याच्याकडे मेणाच्या मलमाची डबी देते. ती टाचांना लाव, कमरेला नाही. आणि डॉक्टर काय म्हणाले ते त्याच रात्री फोन करून सांग, मी जागी असेन.

तुझी,
आई