मागे घेताना

दादर, मंगळवार

चि. ओंकार,

अनेक आशीर्वाद.

एकाच घरात राहून पत्र लिहितेय, कारण समोर बसून बोलले तर तू "हो गं आई" म्हणशील आणि उठून जाशील. रविवारी माटुंग्याला गाडीत मावशी होती म्हणून गप्प बसले, पण ते मनातून जात नाही.

ते वॅगन आरवाले काका आठवतात? त्यांनी डावा इंडिकेटर दिला, रिकाम्या जागेच्या थोडं पुढे जाऊन थांबले, रिव्हर्सचे पांढरे दिवे लागले. सगळं रीतसर. तू मात्र त्यांच्या बंपरला जाऊन चिकटलास आणि हॉर्न दाबलास. त्यांना मागे यायला जागाच उरली नाही. तिसऱ्या हॉर्नला ते बिचारे निघून गेले आणि त्याच जागेत तू गाडी तोंडाकडून घुसवलीस. मागचा भाग रस्त्यातच. मला फार लाज वाटली रे.

त्या काकांच्या जागी मी होते एकदा. १९९६ साल, नवंकोरं लायसन्स आणि आपली मारुती ८००. पॉवर स्टेअरिंग नाही, डाव्या बाजूला आरसाही नाही. गोखले रोडवर जागा दिसली आणि मागे बेस्टची बस येऊन थांबली. पहिल्या खेपेला मागचं चाक फुटपाथला घासलं, दुसऱ्या खेपेला तोंड बाहेर राहिलं. फुटपाथवरून कोणीतरी ओरडलं, "बाई चालवतेय, आता होते संध्याकाळ!" बसच्या मागून हॉर्न सुरू झाले. माझे हात घामाने ओले. पण बस जागची हलली नाही. मान वळवून पाहिलं तर ड्रायव्हरने उजवा हात खिडकीबाहेर काढून मागच्यांना थोपवून धरलं होतं आणि दुसऱ्या हाताने मला 'सावकाश' अशी खूण करत होता. तिसऱ्या खेपेला गाडी बसली. त्याचा चेहरा आठवत नाही, खाकी बाही आठवते. त्याने त्या दिवशी हॉर्न दिला असता तर मी पुन्हा गाडी हातात घेतली असती की नाही, कोण जाणे.

मागे घेऊनच का लावायची, तेही नीट समजून घे. गाडीची फक्त पुढची चाकं वळतात. तोंड आधी घातलं की मागची चाकं नुसती फरफटत येतात आणि शेपूट बाहेर राहतं. रविवारी तुझं तेच झालं. मागची चाकं आधी कडेला नेली की पुढचा भाग हवा तसा आत ओढता येतो. मग गाडीच्या लांबीपेक्षा मीटर-सव्वा मीटर जास्त जागा असली तरी भागतं. पण त्यासाठी पुढच्या गाडीला समांतर, हातभर अंतर सोडून उभं राहावं लागतं आणि मागे रस्ता मोकळा लागतो. तो रस्ता मागचा माणूस देतो. म्हणजे काकांचं अर्धं पार्किंग तुझ्या हातात होतं. एक गाडी मावेल एवढं अंतर ठेवून थांबला असतास, तर अर्ध्या मिनिटात तुझाही रस्ता मोकळा झाला असता.

आणखी एक. मागे घेताना गाडीचं तोंड उजवीकडे बाहेर फेकलं जातं. सगळे मागेच बघत बसतात आणि नेमका त्या फटीतून बाइकवाला निघतो.

तुझ्या गाडीला सेन्सर आहेत. जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना ते सक्तीचे झाले, चांगलंच झालं. पण पावसात कॅमेऱ्यावर थेंब बसले की चित्र धूसर होतं, आणि झोपलेलं कुत्रं किंवा बारीक खांब सेन्सरला दरवेळी कळेलच असं नाही. काच खाली कर, मान वळव, शंका आली तर उतरून बघ. उतरण्यात कसला आलाय कमीपणा?

सोसायटीतलं मात्र सांगितलंच पाहिजे. आजीचा दमा बळावला त्या रात्री तू चार वर्षांचा होतास, झोपलेला. आपली गाडी आतल्या रांगेत, पण बाबांनी सवयीप्रमाणे तोंड फाटकाकडे करून लावलेली. पुढे शेजाऱ्यांची आडवी. त्यांनी ती न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक न ओढता ठेवली होती, म्हणून बाबांनी आणि वॉचमनने ढकलून बाजूला केली आणि दोन मिनिटांत आजी रस्त्याला लागली. कुणाचं दार वाजवावं लागलं नाही. गेल्या आठवड्यात तू गाडी आडवी लावून हँडब्रेक ओढून गेलास, हे मला वॉचमनने सांगितलं.

रविवारी सकाळी साडेसहाला खाली ये. कंपाउंड रिकामं असतं. वॉचमनकडच्या दोन खुर्च्या पुढे-मागे गाड्यांच्या जागी ठेवू, मी बाजूला उभी राहीन. मागची काच पुसून ठेव.

तुझी,
आई