दुरुस्ती निर्देशांकात सुट्या भागांची किंमतही मोजा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

मोबाइल आणि टॅब्लेटला ‘दुरुस्ती निर्देशांक’ देण्याविषयी केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने नेमलेल्या समितीने मे २०२५ मध्ये आपला अहवाल दिला. वस्तू दुरुस्त करणे किती सोपे आहे याचे गुण खरेदीच्या वेळीच, दुकानात आणि ऑनलाइनही, दिसावेत अशी त्यात शिफारस आहे. गुण देताना सहा गोष्टी पाहायच्या आहेत. भागापर्यंत पोचायला किती टप्पे लागतात, दुरुस्तीची माहिती मिळते का, सुटे भाग वेळेत मिळतात का, सॉफ्टवेअर अपडेट किती काळ, अवजारे कोणती लागतात आणि स्क्रू कोणत्या प्रकारचे आहेत. शिफारस स्वागतार्हच आहे. पण फुटका मोबाइल घेऊन काउंटरवर आलेले गिऱ्हाईक सर्वांत आधी जे विचारते, ते या सहांत नाही: ‘खर्च किती येईल? करून घेऊ, की नवीनच घेऊ?’

फ्रान्सने जानेवारी २०२१ पासून मोबाइल, लॅपटॉप, टीव्ही, वॉशिंग मशीन अशा वस्तूंवर दहापैकी गुण दाखवणे सक्तीचे केले, तेव्हा पाच निकषांपैकी एक अख्खा निकष सुट्या भागांच्या किमतीसाठी ठेवला. भागाची किंमत नव्या वस्तूच्या किमतीशी ताडून पाहायची. भाग जितका महाग, तितके गुण कमी. हा निकष गाळला तर काय होते, ते डिस्प्लेवरून लगेच कळते.

मोबाइल पडला की बऱ्याचदा फुटते ती फक्त वरची काच. खाली चित्र स्वच्छ दिसत असते, टचही चालत असतो. पण काच, टच आणि डिस्प्ले पारदर्शक गोंदाने चिकटवून एकच तुकडा केलेला असतो. बाजारात त्याला ‘कॉम्बो’ किंवा ‘फोल्डर’ म्हणतात. सर्व्हिस सेंटरमध्ये नुसती काच सहसा मिळत नाही, अख्खा कॉम्बो घ्यावा लागतो, काही मॉडेलांत तर फ्रेमसकट. अमोलेड डिस्प्लेच्या मध्यम किमतीच्या फोनमध्ये हा खर्च फोनच्या किमतीच्या एक तृतीयांशावर सहज जातो, आणि दोन वर्षे वापरलेल्या फोनला जुन्या बाजारात तेवढेच पैसे येतात. गिऱ्हाईक हिशेब करते आणि नवा फोन घेते. समजा या फोनचे स्क्रू साधे आहेत, माहितीपुस्तिका मिळते, भाग आठवड्यात येतो. निर्देशांकात त्याला चांगले गुण पडतील. तरी तो दुरुस्त होणार नाही.

नुसती काच बदलण्याचे काम बाहेरचे कारागीर करतात, आणि ते नाजूक आहे. डिस्प्ले ७०-८० अंशांच्या तापत्या प्लेटवर ठेवायचा, केसासारख्या बारीक तारेने काच आणि पॅनेलमधला गोंद कापत न्यायचा, उरलेला गोंद पुसून काढायचा, ‘ओसीए’ची, म्हणजे पारदर्शक गोंदाची, नवी शीट लावून निर्वात यंत्रात काच बसवायची आणि शेवटी दाबाखाली बुडबुडे काढायचे. तार जरा तिरपी गेली की अमोलेडच्या थराला इजा होते आणि हिरवी किंवा गुलाबी उभी रेघ उमटते. कडेची फ्लेक्स पट्टी, म्हणजे डिस्प्लेला बोर्डाशी जोडणारी लवचिक पट्टी, दुमडली तर डिस्प्ले पूर्ण काळा पडतो. म्हणून चांगला कारागीर ‘रेघ आली तर जबाबदारी नाही’ असे आधीच सांगतो. कंपनीने काच सुटी होईल अशी रचना केली, किंवा कॉम्बोची किंमत आवाक्यात ठेवली, तर हा जुगार खेळण्याची वेळच गिऱ्हाइकावर येणार नाही.

बॅटरीचे तसेच. लिथियम-आयन बॅटरी साधारण ५०० पूर्ण चार्जनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांच्या आसपास येते, हे रसायनशास्त्र आहे. त्यात कुणाचा दोष नाही. दोष आहे तो बॅटरी बदलणे अवघड करून ठेवण्यात. पूर्वी मागचे झाकण नखाने उघडून दहा सेकंदांत बॅटरी निघायची. आज हेच काम करताना आधी चार्ज २५ टक्क्यांच्या खाली आणावा लागतो, कारण भरलेली बॅटरी चुकून दुखावली तर भडका मोठा होतो. मग मागची काच तापवून प्लॅस्टिकच्या पातळ कार्डाने सोडवायची, सर्वांत आधी बॅटरीचा कनेक्टर काढायचा, बॅटरीच्या कडेने आयसोप्रोपिल अल्कोहोलचे थोडे थेंब सोडून गोंद मऊ होईपर्यंत थांबायचे आणि प्लॅस्टिकच्या पट्टीनेच उचलायचे. घाई करून स्क्रू ड्रायव्हर खुपसला तर आतला पातळ विभाजक पडदा फाटतो, दोन्ही ध्रुव भिडतात आणि बॅटरी पेट घेते. फुगलेल्या बॅटरीला तर घरी हातही लावू नये.

युरोपीय संघात २० जून २०२५ पासून विक्रीला येणाऱ्या मोबाइलच्या बॅटरीने ८०० चार्जनंतरही ८० टक्के क्षमता राखली पाहिजे, आणि मॉडेलची विक्री थांबल्यावर सात वर्षे सुटे भाग मिळाले पाहिजेत, असा नियम लागू आहे. फेब्रुवारी २०२७ पासून, काही अपवाद सोडता, वस्तूतली बॅटरी ग्राहकाला साध्या अवजारांनी काढता आली पाहिजे. याच कंपन्या आपल्याकडेही फोन विकतात. तिकडे जमते ते इकडे न जमण्याचे तांत्रिक कारण नाही.

बॅटरी जुनी झाली की तिचा अंतर्गत रोध वाढतो. एकदम जास्त वीज मागितली की व्होल्टेज कोसळते आणि ३० टक्के चार्ज दिसत असतानाही फोन बंद पडतो. आयफोनमध्ये हे टाळण्यासाठी ॲपलने २०१७ मध्ये अपडेटमधून प्रोसेसरचा वेग उतरवला. उपाय म्हणून तो अगदीच चुकीचा नव्हता. पण ग्राहकाला सांगितले नाही, आणि बॅटरी बदलल्यावर वेग परत येतो हे माहीत नसल्याने लोकांनी फोनच बदलले. माहिती दडवल्याबद्दल फ्रान्सच्या ग्राहक यंत्रणेने २०२० मध्ये कंपनीला अडीच कोटी युरोंचा दंड केला. आपल्याकडच्या वाचकांनी यातून इतकेच घ्यावे: फोन मंद झाला, एकाएकी बंद पडू लागला, तर नवा घेण्याआधी बॅटरी तपासून घ्या.

निर्देशांकात आणखी एक निकष हवा, तो ‘पेअरिंग’चा. हल्ली स्क्रीन, बॅटरी, कॅमेरा यांच्या चिपमध्ये अनुक्रमांक असतो आणि मदरबोर्ड तो ओळखतो. दोन सारख्याच, अस्सल फोनचे डिस्प्ले आपसांत बदलले तरी काही मॉडेलांत ‘हा भाग अस्सल असल्याची खात्री होत नाही’ असा इशारा येतो, रंग आपोआप जुळवण्याची सोय जाते, बॅटरीचे आरोग्य दिसेनासे होते. त्यावर कारागिरांनी तोडगा काढला आहे. जुन्या बॅटरीच्या माथ्यावरची छोटी सर्किट पट्टी सोडवून ती नव्या सेलला स्पॉट वेल्डिंगने जोडायची. काम होते, पण वेल्ड कच्चा राहिला तर सांधा तापतो, आणि सेलच्या इतक्या जवळ उष्णता देणे मुळातच धोक्याचे. सॉफ्टवेअरमधल्या एका अटीपायी लोकांना हा धोका पत्करावा लागतो. अमेरिकेतल्या ओरेगन राज्याने २०२४ मध्ये कायदा करून असे पेअरिंग रोखले. आपल्या निर्देशांकात निदान ‘दुसऱ्या फोनचा अस्सल भाग बसवल्यास सर्व सोयी चालतात का’ हा प्रश्न विचारून त्याचे गुण द्यावेत.

सुरुवात मोबाइलपासून होणार हे समजण्यासारखे आहे, पण प्रिंटरला फार काळ वगळू नये. झेरॉक्सच्या दुकानात, शाळेत, सीएससी केंद्रात इंक टँकचे प्रिंटर दिवसभर चालतात. हेड क्लीनिंग, म्हणजे शाई कागदावर सोडणाऱ्या हेडची सफाई, केले की थोडी शाई पंपाने ओढली जाऊन आतल्या स्पंजमध्ये, म्हणजे वेस्ट इंक पॅडमध्ये जाते. पॅड खरोखर किती भिजला हे अनेक मॉडेलांत मोजले जातच नाही. प्रत्येक क्लीनिंगला मेमरीतला आकडा पुढे सरकतो, एवढेच. आकडा ठरलेल्या मर्यादेला पोचला की दिवे लुकलुकतात आणि प्रिंटर थांबतो. टँकमध्ये शाई असते, हेड ठणठणीत असते. पॅड काढून धुवून, पूर्ण वाळवून परत बसवता येतो किंवा स्वस्तात नवा मिळतो. पण आकडा शून्यावर आणणारा प्रोग्राम ग्राहकाला उघडपणे मिळत नाही. मग लोक इंटरनेटवरून कुठलातरी ‘रिसेटर’ उतरवतात आणि त्याच्याबरोबर व्हायरसही घरात घेतात. आणि पॅड न बदलता फक्त आकडा शून्य केला, तर पुढे शाई टेबलावर उतरू शकते, हेही सांगायला हवे. ज्या मॉडेलांत ‘मेंटेनन्स बॉक्स’, म्हणजे वाया जाणारी शाई साठवणारी सुटी डबी, आहे, तिथे ग्राहक स्वतः ती बदलून मोकळा होतो. प्रिंटर घेताना हीच गोष्ट आधी विचारावी. रोज दोन-दोनदा हेड क्लीनिंग करण्याची सवयही सोडावी. त्याने शाई जाते आणि आकडाही पळतो.

निर्देशांक वस्तूंपुरता आहे, पण विकत घेऊनही मालकी न मिळण्याचा प्रश्न पुस्तकांपर्यंत आला आहे. छापील पुस्तकाची प्रत एकदा विकली गेली की तिच्या पुढच्या विक्रीवर प्रकाशकाचा हक्क उरत नाही. कॉपीराइट कायद्यातच तशी व्यवस्था आहे, म्हणून जुन्या पुस्तकांचा बाजार चालतो. ई-पुस्तकाच्या बटणावरही ‘विकत घ्या’ असेच लिहिलेले असते, पण मिळतो तो फक्त वाचण्याचा परवाना. २००९ मध्ये किंडल या ॲमेझॉनच्या ई-पुस्तक वाचण्याच्या यंत्रावरची दोन पुस्तके, ती विकणाऱ्याकडे हक्क नव्हते म्हणून, ग्राहकांच्या यंत्रांतून परस्पर पुसली गेली. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपले पुस्तकांचे दुकान बंद केले आणि घेतलेली पुस्तकेही गेली. पैसे दोन्ही वेळा परत मिळाले, हे खरे; पण पुस्तक पैसे परत घेण्यासाठी कुणी घेत नाही. किंडलची पुस्तके संगणकावर उतरवून केबलने यंत्रात टाकण्याची सोय फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून, फक्त परवाना मिळतो हे ठळकपणे सांगितल्याशिवाय ‘विकत घ्या’ हा शब्द वापरता येत नाही. मराठी ई-पुस्तके आणि ऑडिओ पुस्तके आता हजारो घरांत ऐकली-वाचली जातात. तिथे हा नियम आपल्या ग्राहक व्यवहार विभागाला एका अधिसूचनेने आणता येईल का, हे तपासावे. प्रकाशकांकडून डिजिटल कुलूप (नक्कल किंवा बदल रोखणारी सॉफ्टवेअरची अट) नसलेली ई-पब किंवा पीडीएफ फाइल मिळत असेल तर वाचकांनी तीच घ्यावी आणि दोन ठिकाणी जपून ठेवावी.

फोन-प्रिंटरमधले असे डिजिटल कुलूप उघडणे हा गुन्हा आहे का, असे कारागीर नेहमी विचारतात. अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यात कुलूप तोडणे हाच मुळात दोष धरला आहे आणि दुरुस्तीसाठी दर तीन वर्षांनी सूट मागावी लागते. आपल्या कॉपीराइट कायद्याचे कलम ६५अ, २०१२ मध्ये आलेले, वेगळे आहे. त्यात शिक्षा आहे ती हक्कभंग करण्याच्या उद्देशाने कुलूप तोडणाऱ्याला. स्वतःचा प्रिंटर चालू करणारा त्यात सहजी बसत नाही. हा फरक ठळकपणे सांगणारे एक साधे परिपत्रक विभागाने काढले, तर लहान दुकानदारांच्या मनातली भीती जाईल.

निर्देशांक येईपर्यंत फोन घेताना दुकानदाराला तीन गोष्टी विचाराव्यात आणि जमल्यास बिलावर लिहून घ्याव्यात: कंपनीच्या केंद्रात डिस्प्ले कितीला, बॅटरी कितीला, आणि सुरक्षा अपडेट कोणत्या वर्षापर्यंत. काही कंपन्यांच्या संकेतस्थळावर मॉडेलनिहाय सुट्या भागांचे दर असतात, ते खरेदीआधी पाहावेत. डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘राइट टू रिपेअर’ पोर्टलवरही कंपन्यांची दुरुस्तीविषयक माहिती एकत्र मिळते. चार्जिंग होत नसेल तर पोर्ट बदलण्याआधी फोन बंद करून, लाकडी टूथपिकने आतला कचरा हलक्या हाताने काढून पाहावा. खिशातल्या धाग्यांचा बोळा बसल्याने पिन पूर्ण आत जात नाही, असे फार वेळा निघते.

भाग मिळत नाही किंवा दुरुस्ती नाकारली, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. तिथे भागले नाही तर आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येते. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. बिल, जॉबशीट (सर्व्हिस सेंटरची कामाची नोंद) आणि नकार लेखी घ्यावा, निदान ईमेलवर तरी. केंद्रातला माणूस ‘पार्ट बंद झालाय’ असे तोंडी सांगतो आणि जॉबशीटवर ‘ग्राहकाने दुरुस्ती नको म्हटले’ असे लिहिलेले असते. सही करण्याआधी ती ओळ वाचावी.

आपला नम्र,
एक मोबाइल व प्रिंटर दुरुस्ती व्यावसायिक, कोल्हापूर