नऊ भाग गप्प बसणारा ट्रम्पेट

प्रिय श्रीधर,

सप्रेम नमस्कार.

चर्चमधलं गाणं लागलं की कुणीतरी गेल्यासारखं वाटतं, असं तू लिहिलंस. हसलो, पण एवढ्यावर सुटका नाही तुझी. विवाल्दी या जुन्या इटालियन संगीतकाराचा 'ग्लोरिया', म्हणजे चर्चमधलं देवाचं स्तुतिगान, ऐक. आरव्ही ५८९ हा त्याच्या रचनांच्या सूचीतला क्रमांक बघून घे, कारण डी मेजरमध्येच, म्हणजे याच पट्टीत, त्याचा आणखी एक ग्लोरिया आहे. बारा भाग, जेमतेम अर्ध्या तासाचं काम.

सुरुवातीलाच तंतुवाद्यं सा आणि वरचा सा यांच्यात नुसत्या उड्या मारतात, जोडीला ट्रम्पेट आणि सनईसारखा ओबो, आणि मग सगळा गायकवृंद एका दमात 'ग्लोरिया, ग्लोरिया' म्हणत येतो. खाली ऑर्गन आहे. पण संगीत नाटकातली पायपेटी डोक्यातून काढ. हा नळ्यांचा, आणि इथे अजिबात मिरवत नाही. चेलोबरोबर खर्ज धरून बसतो.

खरी गंमत ट्रम्पेटची. त्या काळी त्याला व्हॉल्व्ह, म्हणजे स्वर बदलायच्या कळा, नव्हत्या. वळवलेली पितळी नळी, ओठांच्या ताणावर निघतील तेवढेच स्वर. खाली सा, प, सा असे दूर दूर, अगदी वर गेल्यावरच सलग सरगम. ट्रम्पेट डीचा, म्हणून रचनाही डी मेजरमध्ये. दुसरा भाग, पृथ्वीवरच्या शांतीचा, बी मायनर या वेगळ्या, उदास पट्टीत सुरू झाला की ट्रम्पेट गप्प. तो थेट अकराव्या भागापर्यंत! तिथे सुरुवातीची धून आटोपशीर होऊन परत येते आणि हा पुन्हा वाजतो. हात राखून वापरलेलं वाद्य किती अंगावर येतं बघ. बाराव्या भागातली फ्यूग (एकच धून एकामागून एक आवाज उचलतात ती रचना) मात्र रुग्गिएरी नावाच्या संगीतकाराच्या १७०८ च्या ग्लोरियावरून बिनदिक्कत उचललेली.

हे सगळं १७१५ च्या आसपासचं, व्हेनिसच्या पिएता अनाथालयातल्या मुलींसाठी लिहिलेलं. त्या जाळीआड बसून गात. बहुतेकींना आडनाव नाही, म्हणून वाद्य किंवा आवाजच आडनाव: आना मारिया व्हायोलिनवाली, अनेता बासवाली (बास म्हणजे गायकवृंदातला सगळ्यात खालचा आवाज).

१७४१ मध्ये विवाल्दी गेला आणि त्याचं बहुतेक संगीत बासनात पडलं. १९२६ मध्ये पिएमोंतेतल्या एका मिशनरी शाळेकडच्या हस्तलिखितांत ते सापडलं. तूरीनच्या ग्रंथालयाकडे पैसे कुठले? फोआ नावाच्या शेअर दलालाने आपल्या गेलेल्या तान्ह्या मुलाच्या नावे ते घेऊन दिलं. उरलेला भाग १९३० मध्ये जोर्दानो या उद्योजकाने. त्याचाही मुलगा गेलेला. दोन्ही संग्रहांना आजही त्या मुलांची नावं आहेत. मग १९३९ च्या सप्टेंबरात इटलीतल्या सिएनामध्ये कासेल्ला या संगीतकाराने ग्लोरिया पुन्हा गाऊन घेतला.

ऐकलंस की 'छान आहे' एवढंच लिहू नकोस. आणि वहिनींना विचार: त्या खर्जात गातात ना, बासची ओळ बाईच्या गळ्यात कुठवर उतरेल? मला त्यांचं मत हवंय, तुझं नव्हे.

तुझा,
अविनाश