श्रेय शेल्टन ब्रुक्स यांचे

महोदय,

जुन्या अमेरिकी गाण्यांचा विषय निघाला की गाणाऱ्यांची नावे चटकन आठवतात, रचणारे मात्र मागे राहतात, याची मला मनापासून खंत वाटते. ‘सम ऑफ दीज डेज’ हे १९१० सालचे गाणे कॅनडात जन्मलेल्या शेल्टन ब्रुक्स या कृष्णवर्णीय कलावंताचे. शब्दही त्यांचे आणि चालही त्यांचीच. अमेरिकी गायिका सोफी टकर यांना ते ऐकायलाही सवड नव्हती. त्यांची मोलकरीण मॉली एल्किन्स यांनी खडसावले म्हणून आपण ब्रुक्स यांची भेट घेतली, असे टकर आपल्या आत्मचरित्रात सांगतात. १९११ मध्ये एडिसन कंपनीच्या मेणाच्या नळकांडीवर उतरलेला टकरबाईंचा आवाज आजही खरखरीला पुरून उरतो. १९२९ मध्ये जॅझ कलावंत लुई आर्मस्ट्राँग यांनी ते ध्वनिमुद्रित केले. जॅझवाल्यांनी तर ते केव्हाच आपलेसे केले होते. फ्रेंच लेखक ज्याँ-पॉल सार्त्र यांच्या १९३८ च्या कादंबरीत मात्र याच गाण्याची गायिका कृष्णवर्णीय आणि रचनाकार ज्यू, अशी नेमकी उलटापालट झाली आहे. वास्तविक ज्यू होत्या त्या टकर. आपल्या संगीतविषयक लेखांत या गाण्याचा उल्लेख येईल तेव्हा ब्रुक्स यांचे नाव आवर्जून छापावे, ही विनंती.

– एक वाचक, पुणे