आधी जमिनीखाली बघा, मग जेसीबी लावा : पालकमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. पालकमंत्री, सोलापूर जिल्हा

महोदय, सप्रेम नमस्कार.

गेली बावीस वर्षं मी रस्ते आणि पाइपलाइनच्या कामांवर साइट सुपरवायझर आहे. हे पत्र मात्र साखर पेठेतला रहिवासी म्हणून लिहितोय.

मागच्या पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या गल्लीत केबलसाठी चर मारत होते. जेसीबीचा दात मुरुमात घुसला आणि बिडाच्या जुन्या पाइपातून पाणी कमरेएवढं उसळलं. नेमका पाणी सुटायचा दिवस. आमच्याकडे चार-पाच दिवसांनी पाणी येतं, त्यामुळे घरोघरी पिंपं, घागरी मांडून बायका नळाशी बसलेल्या. धार बारीक होत होत बंद पडली. शंभराहून जास्त किलोमीटरवरून, उजनीहून पंप लावून आणलेलं पाणी दारासमोर चिखल होऊन वाहत राहिलं. शेजारच्या आजी तांब्या घेऊन चराशी आल्या, वाकल्या आणि ड्रेनेजचा वास येताच मागे फिरल्या.

काम कोणाचं होतं, त्याबद्दल हे पत्र नाही. ऑपरेटरचीही चूक म्हणवत नाही. त्याला दिलेल्या नकाशात लाइन रस्त्याच्या पलीकडच्या कडेला होती.

माझी मागणी एवढीच आहे : सोलापुरात खोदाईला परवानगी देण्याआधी जमिनीखालचं रडार सर्वेक्षण सक्तीचं करा. ग्राउंड पेनिट्रेटिंग रडार, म्हणजे जीपीआर. एका साइटवर मी ते दोन दिवस जवळून पाहिलं. चाकांची छोटी गाडी रस्त्यावरून आडवी-उभी ढकलत नेतात. ती जमिनीत रेडिओलहरी सोडते. माती बदलली, पाइप किंवा पोकळी लागली की लहर उलटून परत येते आणि तिला लागलेल्या वेळेवरून खोली कळते. पाइपावरून गाडी आडवी गेली की पडद्यावर उपड्या टोपलीसारखा बाक उमटतो. ऑपरेटर तिथेच थांबून रंगाची खूण करतो. पीव्हीसीचा पाइपही यात सापडू शकतो, जो केबल शोधायच्या नेहमीच्या लोकेटरला सापडत नाही.

पण महोदय, हे यंत्र विकत घेऊन प्रश्न सुटणार नाही, हेही मला आत्ताच सांगायला हवं. आपली माती काळी, चिकण. ओली झाली की ती लहरी पिऊन टाकते आणि मग रडारला मीटरभर खालचंही धड दिसत नाही. म्हणून सर्वेक्षण एप्रिल-मेमध्ये, जमीन कोरडी असतानाच उरकायला हवं. पावसाळ्यात वर्क ऑर्डर काढून घाईघाईने गाडी फिरवली तर कागद होईल, काम होणार नाही. दुसरं, बारीक नळजोडण्या यात सहसा सुटतात. खोलीच्या दहाव्या हिश्शाहून बारीक वस्तू दिसेल असं धरू नये, हा या कामातला ठोकताळा आहे. मीटरभर खाली चार इंची लाइन दिसेल, अर्ध्या इंचाची नाही. त्यामुळे सोबत लोकेटर हवा, आणि शंका असेल तिथे जेसीबी बाजूला ठेवून हाताने खड्डा घेऊन बघायला हवं.

खर्चाचं म्हणाल, तर अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठाने 1999 मध्ये 71 महामार्ग प्रकल्प तपासले होते. जमिनीखालच्या अशा पूर्ण सर्वेक्षणावर खर्चलेल्या प्रत्येक डॉलरमागे सरासरी 4.62 डॉलर वाचले होते. आपल्याकडे हा खर्च निविदेत वेगळी बाब म्हणून धरा. ठेकेदाराच्या दरात तो कोंबला तर सर्वात आधी तोच कापला जाईल. मी हे होताना पाहत आलोय.

22 मार्च 2023 ला पंतप्रधानांनी ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप सुरू केलं. बेसुमार खोदाईत केबल वगैरे तुटून देशाचं वर्षाला सुमारे 3000 कोटींचं नुकसान होतं, असं तेव्हा सरकारनेच सांगितलं होतं. ॲप चांगलंच आहे. त्यातून खोदणाऱ्याची खबर लाइनच्या मालकाला लागते. पण मालकाचाच नकाशा चुकीचा असेल, तर आमच्या गल्लीत झालं तेच पुन्हा होणार. म्हणून काम संपल्यावर चर बुजवण्याआधी लाइनची खरी जागा आणि खोली मोजून नकाशात चढवल्याशिवाय शेवटचं बिल देऊ नका.

आणखी एक. रडार पाइप दाखवतं, तो कोणाचा आणि चालू आहे की बंद, हे सांगत नाही. ते सांगणारी माणसं आहेत. त्या दिवशी दोन तास पाणी वाहत होतं, व्हॉल्व्ह कुठे आहे ते कोणाला सापडेना. शेवटी मागच्या बोळातल्या एका निवृत्त चावीवाल्यांना, म्हणजे पाण्याचे व्हॉल्व्ह उघडबंद करणाऱ्यांना, बोलावून आणलं. त्यांनी विजेच्या खांबापासून पावलं मोजली, डांबरावर टाच आपटली आणि म्हणाले, “हितं उकरा.” हातभर खाली व्हॉल्व्हचं झाकण निघालं. कुठल्याच कागदावर ते नव्हतं.

ते आता सत्तरीपुढे आहेत, गुडघे दुखतात. तरी येत्या उन्हाळ्यात रडारची गाडी पेठांमधून फिरली तर सोबत चालायला तयार आहेत. मी त्यांना विचारूनच हे लिहितोय. अशा जुन्या चावीवाल्यांना मानधन देऊन बोलवा आणि सुरुवात पेठांपासून करा.

आपला,
साखर पेठेतील एक साइट सुपरवायझर
सोलापूर